निभावलं

अलेक्झांड्रियात परांची बांधावी ती आमच्या मुख्य कारागिरानं, उस्ता मितवल्लीनं. त्याच्या फळ्यांवर उभं राहून मी वर्षानुवर्षं गिलावा केला, म्हणून सांगतो, माणसांना इतका जपणारा आणि इतका आडमुठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी वरून पडला आणि उठून बसला, की उस्ता म्हणणार, "निभावलं." मग त्या पडण्याचं नाव कुणी काढायचं नाही. काढलं तर नजर लागते. अपघात हा शब्द आम्ही मेलेल्यांसाठीच ठेवलेला.

कामावर सुरक्षा बघायला निरमीन नावाची नवी इंजिनियर आली; आम्ही तिला बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनियरबाई, म्हणायचो. तिनं विचारलं, परांचीवर अपघात किती झाले? उस्तानं छातीवर हात ठेवून सांगितलं, एकही नाही. ती खूश झाली. खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी मला मात्र कसंसंच वाटलं.

पुढे आमचा रिझ्क दुसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर पडला. उठला, कपडे झटकून हसला. उस्ता म्हणाला, निभावलं; आम्ही चहा प्यायलो. आठवड्याभरात त्याच्या उजव्या हाताला पाना धरवेना. घरात तीन लेकरं. कंपनी इलाज करते, पण अपघात झालेल्यांचाच. निरमीननं आमच्यादेखत त्याला विचारलं, अपघात झाला होता का? रिझ्कनं आधी उस्ताकडे पाहिलं.

"निभावलं, बाशमुहंदिसा. अल्लाची कृपा."

मला संताप आला. हात गेला तरी चालेल, पण उस्ताचा शब्द खाली पडायला नको!

उस्तानं परांचीची लाकडी फळी घट्ट धरली. आमच्याकडे नजर टळावी म्हणून लाकूड धरतात.

"तसं निभावलंच," तो म्हणाला. "पण... अपघात झालाय त्याला. न्या त्याला."

निरमीननं गाडी मागवली. मग हलकेच विचारलं, "आणि याआधी असं किती वेळा निभावलं, उस्ता?"

तो बोटांवर मोजू लागला. साबिरच्या बरगड्या, माझी टाच, त्याचा स्वतःचा गुडघा. हिल्मीच्या नावाशी अडला. हिल्मी हा त्याचा धाकटा भाऊ. तोही असाच पडला होता, आम्ही सगळे निभावलं म्हणालो होतो, आणि दुसऱ्या पहाटे तो अंथरुणातच गेला.

उस्ता माझ्याकडे वळला. "हिल्मीला कशात धरू रे? तो तर उठून बसला होता. घरी चालत गेला होता."