गुंडावरचे पाच पोचे

रविवारी सकाळी मी चित्रं काढतो. घरातल्याच वस्तू मांडतो; त्या हलत नाहीत आणि फूटपट्टीने मोजता येतात. यंदा उन्हाळ्यात माळ्यावरून पाण्याचा पितळी गुंड काढला. उंची चौदा इंच, पोटावर पाच पोचे. गळ्याशी मामाचं नाव कोरलेलं; मायच्या लग्नात त्याने दिलेला.

बाप भरवेलीच्या खाणीतून पाळी संपवून यायचा. पाणी मागायचा, आणि ते नाव दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. "तुह्या भावाचं पाणी मी पिऊ?" म्हणत तो गुंड मायवर फेकायचा. माझ्यासमोर चार वेळा. तीनदा भिंतीवर आदळला, एकदा तिच्या खांद्यावर आणि तिथून फरशीवर. खांद्याचं हाड वाळल्या तुरीची काडी मोडावी तसं वाजलं होतं. पाचवा पोचा सगळ्यात खोल. तो मी पाहिला नव्हता, पण बापाच्याच नावावर धरला होता.

चित्रात त्या पोच्यात मी काळा रंग भरत होतो. माय शेजारी अंबाडीची भाजी निवडत होती.

"हा इतका काळा काहून केला, बाबू?"

"इथं त्यानं सगळ्यात जोरात फेकला असंल."

"तो त्याचा नाही. तो माहा हाय." तिचे हात थांबले नाहीत. "तुही बहीण सहा महिन्यांची होती. त्यानं तिले पायाले धरून उचललं. भिंतीवर आपटतो म्हणे. मी गुंड उचलला न् घातला त्याच्या डोक्यात. पोरगी खाली टाकली त्यानं, तवा दुसऱ्यांदा घातला. तो चुकला, चौकटीवर बसला. हा चौकटीचा."

त्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा बापाच्या डोक्याला पट्टी होती. सात टाके. मोटारसायकल घसरली, असं त्याने सांगितलं. गाडीवर एक ओरखडा नव्हता, ते मी तेव्हाच पाहिलं होतं, तरी चाळीस वर्षं घसरल्याचंच धरून चाललो. त्यानंतर त्याने मायवर हात उचलला नाही. घसरून पडल्यामुळे तो नरमला, असा माझा हिशेब.

"मेला असता तर, माय?"

"तर मेला असता." तिने देठं बाजूला केली. "तू ह्या पोच्याले अंधारात नको ठेवू. बाकीचे चार ठेव."

मी काळा रंग खरवडला. गुंड फिरवून तो पोचा खिडकीकडे केला आणि नव्या कागदावर पुन्हा मोजायला घेतलं.