मध्येच बोलायचे मार्क

आमच्या समोरच्या दारातली सिस्टर वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात कात्र्या देतेय. रक्ताला भीत नाही, सासूला तर मुळीच नाही. यंदा बेचाळिसाव्या वर्षी पदवीसाठी विद्यापीठात गेली आणि तिथल्या इंग्रजी चर्चेनं तिची पार गाळण उडवली.

लिहायला ती पक्की. पण तिथे गोल बसून चर्चा करतात, आणि मार्क बोलण्याचे. पहिल्या दोन चर्चांत बाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. तिसरी शुक्रवारी. तेव्हाही गप्प राहिली तर विषय गेला, आणि प्रवेशही रद्द.

"शब्द आठवत नाहीत का?" मी विचारलं.

"शब्द पाठ आहेत हो, भाऊजी." तिनं वही दाखवली. शंका कशी काढायची, असहमती कशी दाखवायची, सगळं ओळीनं. "पण मध्ये घुसायचं कसं? सरांचं बोलणं तोडायचं?"

आतून सासूबाई कडाडल्या, "आम्ही जन्मभर शिकवलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नका. तिकडे त्याचेच मार्क?"

मी म्हटलं, सरावाला मी बसतो. माझी टकळी सुरू झाली की माझी बायकोही हात टेकते. गच्चीवरच्या गळक्या टाकीपासून कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुसऱ्या लग्नापर्यंत मी बोलत सुटलो. सिस्टरचे ओठ हलत, कपाळ घामानं डबडबे, आवाज फुटेना. चौथ्या दिवशी कुठे "सॉरी, कॅन आय कम इन हिअर?" असं पुटपुटली, आणि लगेच "माफ करा हं" म्हणून स्वयंपाकघरात पळाली.

शुक्रवारी सकाळी ती जिन्यातच बसली. "नाही जात मी."

"जा," मी एवढंच म्हणालो.

दुपारी परतली ती पांढरीफटक.

"तासातली पन्नास मिनिटं तशीच गेली, भाऊजी. सर म्हणाले, पेशंटला सगळी माहिती दिली की भीती जाते. मी त्यांचं बोलणं तोडलं."

"मग?"

"मग सगळे थांबले ना! बारा माना माझ्याकडे. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. तुटक्या इंग्रजीत म्हटलं, टेबलावर झोपलेला माणूस माहिती नाही मागत. माझ्याजवळ कोण थांबणार, एवढंच विचारतो."

"सर चिडले?"

"अजून एक उदाहरण द्या म्हणाले. दिलं."

"म्हणजे सुटलात की!"

"सुटले." तिनं वही उघडली. "पुढच्या सत्रात अशा आठ चर्चा आहेत."