गळ्यातली थोरली

लग्न होऊन मी मंठाळला आले, तेव्हा मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात आणखी एक दोरा पडला. त्यात नखाएवढा चांदीचा टाक होता आणि टाकावर बाईची आकृती. ही माझी सवत, माझ्या नवऱ्याची पहिली बायको, तापानं गेलेली. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं सवतीला असं गळ्यात वागवायचं, जेवताना पहिला घास तिला लावायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, अशी रीत. घरात तिला थोरली म्हणत. सासूबाई रोज विचारायच्या, "थोरलीला जेवू घातलीस का गे?" माझं पोट भरलं का, हे कुणी विचारत नसे. राग यायचा. पण ही सवत निदान भांडत तरी नाही, असं म्हणून मी तो गिळायची.

थोरलीची एक मुलगी होती, सहा वर्षांची. ती मला आई म्हणत नसे, मावशीही म्हणत नसे. काही हवं असलं की नुसतं "ओ" म्हणायची. तरी तिच्या वेण्या मीच घालायची, आणि निजताना ती माझ्याच पाठीला पाठ लावून निजायची. माझा जीव तिच्यात कधी गुंतला ते मलाच कळलं नाही.

त्या वर्षी हुलसूरच्या बाजारात तंबूतला बोलपट आला. निजामाचं राज्य, बोलपट हिंदुस्थानी, पण बाजारातली दखनी उर्दू सगळ्यांनाच येत होती. आम्ही गाडी जुंपून गेलो. बायकांची बाजू वेगळी, मध्ये कनात. पडद्यावर एक मोठं घर होतं. घरधनी दुसरी बायको आणतो आणि मेलेली पहिली त्या घरात फिरायला लागते. आधी रिकामा पाळणा आपोआप हलायचा, कर्र कर्र, आणि मग ती यायची, केस मोकळे सोडून. शेवटी तिनं दुसरीचा गळा धरला तेव्हा तंबूतल्या बायका किंचाळल्या. माझ्या शेजारच्या बाईची नजर माझ्या टाकावर गेली आणि ती हळूच लांब सरकून बसली. मला तर गळ्यातला दोरा आवळल्यासारखा वाटत होता.

परतताना गाडीत पोरीनं विचारलं, "ती पुन्ना कवा येती?"

"न्हाई येत आता. भिऊ नको," मी म्हणाले.

तिनं तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी गडीमाणसं शेतात होती आणि सासूबाई ओसरीवर तुरी निवडत होत्या. मी चुलीपाशी होते. माजघरातून आवाज आला, कर्र कर्र. तिथं पोरीचाच जुना पाळणा आढ्याला टांगलेला होता, त्यात आम्ही वाकळा ठेवायचो. मी दारातून डोकावले. माळवदाच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात पाळणा हलत होता. आत कुणीच नव्हतं. मी तशीच ओसरीवर पळाले.

दुसऱ्या दिवशी तो आवाज सासूबाईंनीही ऐकला. त्यांचे हात सुपातच थांबले. "थोरली आली," त्या म्हणाल्या. "लेकराला न्यायला आली. तू तिचं नीट करीनास."

रोज घास लावणारी मी आणि बोलही मलाच! पण भांडायचं त्राण नव्हतं. पोरीला खजुरीला, तिच्या मामाकडे कायमचं धाडायचं ठरलं. नवऱ्यानं मान खाली घालून निरोप पाठवला. त्या दिवसांत टाकाला मी दोनदोन घास लावायची. "काय पायजे ते घे गे बाई," मी मनात म्हणायची, "पोर तेवढी नेऊ नको."

उद्या मामा येणार, त्या दुपारी पुन्हा कर्र कर्र सुरू झालं. आता जायचंच, गळा धरला तर धरला, असं म्हणून मी विळा उचलला आणि आत गेले. पाळणा जोरात हलत होता. थोडं जवळ गेल्यावर दिसलं, पाळण्याची दोरी धान्याच्या कणगीमागे गेली होती.

कणगीमागे पोर बसली होती. हाताला दोरी गुंडाळलेली, तळवा लाल झालेला.

माझ्या हातून विळाच पडला. "हे कामून करायलीस गं?"

"हात दुखायलाय," ती म्हणाली. "तरी येईना ती."

"कोण?"

"माजी आई. पाळणा हलला की येती की." मग तिनं दोरी पुन्हा ओढली. "मामाकडं मी तिला घावायची न्हाई. तिथं पाळणा न्हाई."

मी मटकन खाली बसले. मला रडू आवरेना. टाक कधी उतरवायचा नसतो. मी तो उतरवला आणि तिच्या हातावर ठेवला. "ही बघ तुजी आई. ती कुटं गेलीच न्हाई. रोज माज्यासंगं जेवती."

तिनं मूठ मिटली.

"गरम हाय," ती म्हणाली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. टाक उतरवला म्हणून आता आकांत करतील असं वाटलं, पण त्या पदर तोंडाशी धरून निघून गेल्या. पोरीला धाडायचं की नाही, यावर मात्र अवाक्षर नाही. रात्री पोर निजल्यावर तिच्या मुठीतला टाक मी पुन्हा गळ्यात घातला, पण ते विचारायला धजले नाही.

सकाळी मामा आला. त्याचं जेवण झालं. पोरीचं गाठोडं बांधलेलं होतं. मग आम्ही बायका पानावर बसलो आणि सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "थोरलीला घास लावलीस का गे?"

मी हात उचलायच्या आत पोर उठून माझ्याजवळ आली. माझ्याच ताटातली भाकर तिनं दुधात बुडवली आणि घास माझ्या गळ्यातल्या टाकाला लावला. दूध माझ्या चोळीवर ओघळलं. मग तोच घास तिनं माझ्या तोंडापाशी धरला.

"ओ," ती म्हणाली, "आता तू खा."

सासूबाईंनी ते पाहिलं. बाहेर बैल जुंपणाऱ्या मामाला त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "ते गाठोडं ऱ्हाऊ दे रे बाबा. गाडी रिकामीच ने."