साडूंचे कोंबडे

नर की मादी हे पहिल्याच दिवशी ओळखू यावं म्हणून खास जातीच्या कोंबड्या आणायच्या, पिलू अंड्यातून निघाल्याबरोबर ते अचूक ओळखायचं, आणि ओळखून झाल्यावर त्याचा काहीएक उपयोग करायचा नाही, असा माणूस साऱ्या नागपुरात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्धा रोडवर, मिहानच्या अलीकडे, त्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. जन्म रंग जुळवण्यात गेल्यामुळे त्यांना जगात फक्त शेड दिसतात. माझ्या सफारीची बाही आणि पाठ कापडाच्या वेगवेगळ्या ताग्यांतली आहे, हे त्यांनी माझ्याच लग्नाच्या मांडवात मला हळूच सांगितलं. त्यानंतर लग्नाच्या एकाही फोटोत मला दुसरं काही दिसलेलं नाही.

शहराबाहेर बेसा भागात त्यांनी घरासाठी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. तिथे त्यांनी ही विलायती जात आणली. अंडी फिकट आकाशी रंगाची. पिलांचं वैशिष्ट्य असं की मादीच्या पाठीवर गडद पट्टे असतात आणि नराच्या डोक्यावर फिकट ठिपका. पाळणारे लोक ठिपकेवाले तेव्हाच बाजूला काढतात, कारण ते अंडी देत नाहीत आणि दाणे मात्र खातात. साडूही बाजूला काढायचे. काढून तळहातावर घ्यायचे, उन्हात धरून न्याहाळायचे आणि ज्या वारी पिलू निघालं त्या वारावरून त्याचं नाव ठेवायचे: सोम्या, मंगल्या, बुध्या. नाव ठेवलेल्या जिवाचं पुढे कोण काय करणार? दुसऱ्याच्या घरी कोंबडीचा सावजी रस्सा घाम पुसत ओरपणारा हा माणूस स्वतःच्या अंगणातल्या कोंबड्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचा. होता होता अंगणात कोंबड्या कमी आणि कोंबडेच जास्त झाले. पहाटे ते सगळे एकदम सुरू झाले की दूधवाला दाराशी उभा राहून काय बोलतो ते ऐकू यायचं नाही.

पण त्यांचा खरा ध्यास वेगळाच होता. या जातीत क्वचित एक राखाडी रंग निघतो, धुतलेल्या राखेसारखा, जरा निळसर झाक असलेला. तो आईबाप दोघांकडून लपून यावा लागतो, तेव्हाच पिलावर दिसतो. कित्येक पिढ्या साडू या कोंबडीशी तो कोंबडा लावून बघत होते. आम्ही जेवायला गेलो की जेवण राहायचं बाजूला आणि कोणाच्या पणजीचं पीस कुठल्या शेडचं होतं हे ऐकावं लागायचं. मग एका शुक्रवारी तो रंग उतरला. नर होता. शुक्र्या. आता राखाडी मादी मिळाली की जोडी झाली, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं, आणि ते हे अगदी गंभीरपणे सांगायचे.

तोवर रानात फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या होत्या. लोक रात्रपाळी करून येत आणि पहाटे यांचे कोंबडे सुरू होत. कॉलनीची मीटिंग झाली. कोंबड्या राहू द्या, पण कोंबडा एकच ठेवायचा, असं ठरलं. साडूंनी मान्य केलं, कारण लोकांचं चुकत नव्हतं. कामठीला पॉवरलूमच्या मागे मोकळ्या जागेत याच जातीच्या कोंबड्या पाळणारे एक हौशी गृहस्थ होते, ते टेम्पो घेऊन आले. तरणे सगळे नेतो म्हणाले. मंगल्या हा पहिल्या खेपेचा, म्हातारा, एका डोळ्याने अधू, त्याच्यापासून झालेली अंडी आता उबतही नव्हती. त्याच्याकडे बघून ते हसले आणि हा रश्श्याच्या कामाचा म्हणाले.

शुक्र्या राहणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. साडू खुराड्यात शिरले, शुक्र्याला काखेत घेऊन बाहेर आले, आणि त्यांनी तो टेम्पोवाल्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, दारातच उभी होती. "काहून वं पाहून राहिली?" ते तिला म्हणाले. "शुक्र्याले कोणीबी जीव लावन. मंगल्याले कोण हाये?"

ताईने पुढे होऊन खुराड्याचं दार लावून घेतलं.

परवा गेलो तेव्हा कामठीहून त्यांच्या मोबाईलवर एक फोटो आला होता. शुक्र्याचं पिलू, राखाडी, पाठीवर स्पष्ट पट्टे. मादी. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा काढून पाहिला. रंग बरोबर उतरला आहे म्हणाले. मी म्हटलं, चला, आत्ताच जाऊन बघून येऊ, गाडी दाराशीच आहे. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "पाहीन तं मले ते पिलू मागावंसं वाटन."

आणि ते मंगल्यासाठी दाणे भिजवायला आत गेले. उन्हामुळे मंगल्या कूलरच्या ओलाव्याशी बसला होता. त्याला आता टिपता येत नाही, भरवावं लागतं. ते भरवायला बसले तशी मला या माणसाबद्दल इतकी माया वाटली की निघायचं सोडून मी दाण्यांची वाटी धरून शेजारी बसलो.