चंद्रीची चौकट

भोरपासून वेल्ह्यापर्यंत सगळे डोंगर पालथे घातलेत तरी आमच्या धाकट्या दिरांइतका हुशार आणि इतका संताप आणणारा माणूस मिळायचा नाही. मिळालाच, तर तिकडंच ठेवा. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं माणसं निवडून वेगळी काढायची खोड हाडात गेलेली. माझ्या लेकीच्या लग्नात भर पंगतीत ओरडले, "जेवलेल्यांनी उठा, बाकीचे दिसू द्या!" व्याही उपाशीच उठला हो!

निवृत्त झाल्यावर मोबाईलवर बघून बघून शिकले आणि आमच्या वाडीतल्या शेळ्यांचं इंटरनेटवर पान केलं. एकेका शेळीची एकेक चौकट, आत लिहायचे रकाने: नाव, वय, मालक, विकायची की ठेवायची. वर शोधायची पट्टी. तिथं 'विकायची' लिहिलं की तेवढ्याच चौकटी राहतात, बाकीच्या गडप. मी कौतुक केलं, खोटं कशाला बोलू?

माझे गुडघे धरले म्हणून मी माझ्या शेळीच्या, चंद्रीच्या, रकान्यात 'विकायची' लिहायला सांगितलं होतं. मग जीव होईना. माझ्याच बोटानं ते पुसून 'ठेवायची' केलं. तरी आठ दिवसांत कामथडीचा एक जण टेम्पो घेऊन दारात. हातात दोरी! "मावशी, चंद्री कुठली?"

मी चंद्रीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिले आणि तिथूनच हाका मारल्या. दीर आले. पट्टीत 'विकायची' टाकलं तर चंद्री हजर, आणि तिच्याच चौकटीत ढळढळीत 'ठेवायची'!

"भाऊजी, डोळं फुटलं का तुमच्या पानाचं?"

"वयनी, ते पयल्यांदा लिवल्यालंच बघतं. मागनं बदललेलं त्याला कळत न्हाई."

"मंजी तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन् तसंच ठिवलं? माझी शेरडी टेम्पोत चढली असती की!"

त्यांनी टोपी काढली, परत घातली. चहा पाजून त्या माणसाला वाटेला लावलं आणि मी समोर ठाण मांडून बसले. दुरुस्त केल्याशिवाय उठू देणार नव्हते. तासाभरानं म्हणाले, "झालं." पट्टीत 'विकायची' टाकलं. चंद्री नाही. आता कसं!

मग त्यांनी हळूच पट्टीत 'सुमन' लिहिलं. सुमन त्यांची बायको, माझी जाऊ, दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या नऊ शेळ्यांच्या मालकाच्या रकान्यात भाऊजींनीच नंतर स्वतःचं नाव घातलं होतं. पान कोरं आलं.

"सकाळपातूर नवूच्या नवू यायच्या, वयनी," ते म्हणाले. "म्हनून हात लावला नव्हता."

मला इतका राग आला होता, तो कुठं ठेवावा कळेना. मोबाईल हिसकावला. चंद्री सुमनच्याच शेळीचं करडू. तिच्या मालकाच्या रकान्यातलं माझं नाव पुसलं, एकेक अक्षर शोधत 'सुमन' लिहिलं आणि मोबाईल परत दिला. त्यांनी पुन्हा शोधलं.

एकच चौकट आली. ती बघत ते ओट्यावर बसून राहिले. मी चंद्रीला पाणी दाखवायला गेले.