माझा मेसमेट मधू

"भावजी, हे गेले..." शैलावहिनींचा क्रॉयडनहून फोन आला, त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून जो तो म्हणतो, बिचारा मधू, सर्जन व्हायला आला आणि जीपी म्हणूनच गेला. हा 'बिचारा' माझ्या डोक्यात जातो.

चौऱ्याऐंशी साली आम्ही दोघं लंडनबाहेरच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होतो. डॉक्टरांच्या मेसमध्ये समोर बसणारा ऑस्ट्रेलियन डॉक्टर आम्हाला 'मेसमेट' म्हणायचा. त्याच्या देशात या नावाचं एक झाडही असतं म्हणे, टणक लाकडाचं. घरातली जमीन त्याच्याच फळ्यांची करतात. "म्हणजे लोक तुडवणार आणि हे झिजणार नाही. जमेल आपल्याला," मधू म्हणाला.

त्याच वर्षी एका पेशंटला चुकीचा डोस गेला. चूक आमच्या वरच्या कन्सल्टंटची, चौकशी माझी. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसेना, तो ऑस्ट्रेलियनसुद्धा. मी मुकाट्याने जेवण खोलीत नेऊ लागलो. मधू सुट्टीवरून परतला, तडक खोलीत आला, माझं ताट उचललं आणि चालू लागला. मागोमाग जाणं भाग होतं, भूक लागली होती. त्यानं ताट थेट कन्सल्टंटच्या समोर ठेवलं, शेजारी आपलं. "मान वर करून जेव," मला म्हणाला. "आणि घाई नको, पुडिंगपण खायचंय." चौकशी संपेपर्यंत चार महिने रोज आम्ही तिथेच जेवलो.

मी निर्दोष सुटलो. मधूला मात्र कन्सल्टंटनं रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्र, नाकारला, आणि त्यावाचून सर्जरीची पोस्ट मिळेना. मी तक्रार करतो म्हटलं तर खवळला. "गप रे. आत्ताच सुटलायस. आणि शैलाला यातलं काही कळता कामा नये. शब्द दे." मी दिला. तेरा वर्षं पाळला. त्यात त्याला दिलेल्या शब्दापेक्षा माझी सोय जास्त होती, याची लाज वाटते.

परवा ईलिंगच्या शोकसभेत पुन्हा कुणीतरी 'बिचारा' म्हणालं. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं, कन्सल्टंटच्या नावासकट. सभा संपल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. "मला वाटायचं, हेच कुठेतरी कमी पडले. तसं बोललेही होते मी यांना... एकदा नाही, कितीदा." मग डोळे पुसून म्हणाल्या, "रविवारी या. मुलांनाही सांगा हे."

मधू, तुला दिलेला शब्द मी मोडला. रविवारी मुलांसमोर मोडेन, आणि आज इथे छापून मोडतोय.