वाटीतलं दूध आणि पातेल्यातलं दूध

उष्णता आणि तापमान यांतला फरक मी गेली बावीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवतो आहे. या धड्यात आजवर एकच माणूस सपशेल नापास झाला, आणि तो वर्गात फळ्याच्या बाजूला उभा असतो.

ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या घरची. सुमनअक्का वाशी तालुक्यात राहते. दाजी गेल्यापासून तिनं दोन म्हशींवर घर चालवलं, लेकीला शिकवलं. कळंबच्या बाजारात तिचं दही दहा वाजायच्या आत संपतं. (ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती वाटीभर जास्त देते. मी सख्खा भाऊ, मला मापात देते.) भाचीला, म्हणजे आरतीला, जळकोटचं स्थळ आलं ते या दह्यामुळंच. मुलाच्या आईनं कळंबच्या एका नातेवाइकाकडं ते खाल्लं आणि विचारलं, "हे दही लावणाऱ्या बाईला लेक हाय का?"

साखरपुडा ठरला. जेवणात काय करू, असं अक्कानं फोनवर विचारलं, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "काय बी करा ओ. धपाटे करा. आमी तुमच्या हातचं दही खायला येतोय."

झालं. त्या दिवसापासून अक्काला झोप नाही. घरात कर्ता बाप्या माणूस नाही, हुंड्याचं नाव नाही, सोनं बेताचं. मांडायला तिच्याकडं काय होतं, तर दही.

साखरपुडा संध्याकाळी सहाचा. सकाळी आठलाच अंगणातल्या चुलीवर तीस लिटरचं पातेलं चढलं. दोन वेळचं म्हशींचं दूध, वर शेजारपाजारून मागून आणलेलं. उकळी आली, चार जणांनी पातेलं उतरवून सोप्यात ठेवलं. अक्काला आरतीच्या साडीचं, पाव्हण्यांच्या चहाचं, भटजींच्या यादीचं बघायचं होतं. तिनं मला दुधाशेजारी बसवलं.

"बापू, कोमट झालं की मला हाक मार. तू काय बी करू नको."

"कोमट म्हणजे किती अंश?"

"करंगळी बुडवायची. दहा आकडं मोजंस्तोवर टिकली की कोमट."

आता विज्ञानाच्या शिक्षकाला हे कसं पटावं? मी तिला तिथंच उभं करून समजावलं. "अक्का, दूध गरम आहे म्हणजे काय? त्यातले कण सैरावैरा पळताहेत. जितके जोरात पळतील, तितकं तापमान जास्त. करंगळीला काय कळणार त्यातलं?"

"मग त्यांना दम लागला की हाक मार," असं म्हणून ती गेली.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला होता. (साखरपुड्याला माणसं आहेर नेतात. मी थर्मामीटर नेला.) तो पातेल्यात सोडणार, एवढ्यात अक्का माजघरातून ओरडली, "ती काचेची कांडी माझ्या दुधात घालायची न्हाय! शाळेत कुठल्या कुठल्या तेजाबात बुचकळून आणली असंल!"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मग मी युक्ती काढली. पातेल्यातलं दूध एका वाटीत घेतलं, थर्मामीटर वाटीत उभा केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. दूध तेच, वेळ तीच, दोघांचं तापमानही तेच. वाटी बोलेल ती पातेल्याची गोष्ट. या युक्तीवर मी इतका खूश झालो की स्वतःसाठी चहा मागवला.

चहा संपेपर्यंत पारा चाळिसावर आला होता. वीस मिनिटंही झाली नव्हती. अक्का तासभर बसून राहते आणि इथं विज्ञानानं तिचा पाऊण तास वाचवला! तिला हाक मारणार होतो, पण ती भटजींना जानवीजोड किती लागतील ते विचारत होती. म्हटलं, बिचारी किती धावपळ करते, आपणच करून टाकू. कोपऱ्यात विरजणाचा गडू होता. चांगलं आंबट, घट्ट विरजण. मी झाकण काढलं, वाफ आली, (वाफ! तरीही मला काही सुचलं नाही, लक्ष सगळं वाटीकडं) आणि गडू पातेल्यात उपडा केला. वर पळीनं गरागरा ढवळलं. अर्ध्या मिनिटात पळीला गुठळ्या लागायला लागल्या. मला वाटलं, व्वा, लागलं पण दही.

आरती केसांत गजरा अडकवत बाहेर आली, पातेल्यात डोकावली आणि थांबली.

"मामा, दही लागायला चार तास लागतात."

"हो."

"मग हे चार मिनिटांत कसं लागलं?"

मी नीट बघितलं. एकीकडं चोथा, एकीकडं हिरवट पाणी. पातेल्याला हात लावला आणि चटका बसून झटक्यात काढला. तेव्हा मला माझाच धडा आठवला. वाटीतले कण मूठभर, त्यांच्याकडची उष्णता ती केवढीशी, चहा संपेस्तोवर उडून गेली. पातेल्यात त्याच वेगानं पळणारे कण, पण तीस लिटर! सगळ्यांची मिळून उष्णता शेकडो पट, वरून झाकण. ती इतक्यात कुठं जाणार? 'तापमान सारखे असले तरी उष्णता सारखी असते का? कारणे द्या.' हा प्रश्न दरवर्षी मीच काढतो. दोन मार्कांना.

अक्का आली. ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. पण ती पातेल्याशेजारी खाली बसली आणि पळीनं चोथा वरखाली करत राहिली. मग हळूच म्हणाली, "बापू, त्या दही खायला यायल्यात रे. आता म्या काय वाढू त्यांना? पाकीट फोडू?" आणि तिच्या डोळ्याला पाणी आलं. दाजी गेले तेव्हा सगळ्यांना धीर देत फिरणारी ही बाई. मला माझीच लाज वाटली आणि मी थर्मामीटर गुपचूप खिशात घातला.

दुसरं दूध मिळणं शक्य नव्हतं. आमच्या त्या भागात सकाळचं दूध नऊच्या आत खव्याच्या भट्टीवर जातं. तरीही मी गाडीला किक मारून भट्टी गाठली. भट्टीवाले शिवाप्पा कढईसमोर घामाघूम होऊन खवा घोटत होते.

"अप्पा, तीस लिटर दूध पाहिजे."

"सर, सगळं कढईत गेलं की. घरात काय झालं?"

मी सांगितलं. वाटीपासून सगळं. अप्पांनी खवा घोटायचं खुरपं थांबवलं नाही, पण खांदे हलायला लागले. हसून झाल्यावर म्हणाले, "दूध फाटलंय, वाया थोडंच गेलंय? घेऊन या हितं."

पातेलं टमटममधून भट्टीवर आलं. अप्पांनी आंबट पाणी गाळून टाकलं, चोथा गार पाण्यात दोनदा धुतला, त्यात सकाळचा ताजा खवा आणि साखर घालून कढईत घेतला आणि खुरपं माझ्या हातात दिलं. "घोटा आता. लागू देऊ नका." दोन तास मी घोटत होतो. चार वाजता पाच ताटं कलाकंद घेऊन घरी आलो.

साखरपुडा छान झाला. पंगत बसली, धपाटे वाढले, कलाकंद वाढला. विहीणबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि शेजारच्या बाईला त्यांच्या सीमेकडच्या कानडीत "चलो अद" म्हणाल्या. म्हणजे छान झालंय. पण मग त्यांनी ताटात इकडंतिकडं बघितलं.

"दही कुठाय?"

सगळी पंगत अक्काकडं बघायला लागली. अक्का पदर हातात धरून उभी. तिनं खोटं बोलावं असं मला वाटेना आणि खरं बोलावं असंही वाटेना. मग मीच पुढं झालो. वाटी, थर्मामीटर, कण, झाकण, सगळं सांगितलं. पंगतीत हशा पिकला. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आरतीला जवळ बोलावलं.

"दही लावायला येतंय का तुला?"

"येतंय."

"कुणाकडनं शिकलीस?"

"आईकडनं."

"मामाकडनं न्हाय ना?"

"न्हाय."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी अक्काचा हात धरला आणि तिला शेजारी जेवायला बसवलं. अक्का सकाळपासून पहिल्यांदा हसली.

तिथंच लग्नाची तारीख धरली, कामं वाटली. कुणाकडं मांडव, कुणाकडं पाणी, अप्पांकडं कलाकंद. मामाच्या वाट्याला काय, असं मी विचारलं. नवरीमागं उभं राहायचं, एवढंच ठरलं. तेही चुलीकडं पाठ करून.